बघून घेतलं का?

(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांनो... पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, या. इथं कुणी पाढे विचारणार नाही.

पाढ्यांवरून आठवलं. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं म्हणून त्यांनी कधी कुणाची पाठ थोपटली नाही. म्हणायचे, रीत दाखव. रीत चुकलेली असली तर बरोबर उत्तरावरही लाल शाईची रेघ. आम्हाला तेव्हा हा अन्याय वाटायचा. आजचा विषय तयार करताना ती लाल रेघ मला सारखी दिसत होती. का, ते पुढं सांगतो.

विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. ‘टीव्ही आणि लेकरं म्हणजे नेमकं काय बोलणार? टीव्ही बघून लेकरं बिघडतात, हेच ना?’ म्हटलं, नाही हो. लेकरं जन्माला येण्याच्या आधीची गोष्ट आहे. किती व्हावीत, व्हावीत की नाही, झालं तर कोणतं व्हावं, हे घरातली माणसं ठरवतात तेव्हा कोपऱ्यातला तो टीव्हीही बैठकीला असतो का? पलीकडं थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘हॉलमध्ये बायका असणार आहेत.’ मी म्हटलं, असायलाच पाहिजेत!

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. देशाच्या एका आरोग्यमंत्र्यांनी तो आधीच सोडवून ठेवला आहे. जुलै २००९ मध्ये, लोकसंख्या दिनाच्या सुमारास, गुलाम नबी आझाद म्हणाले होते की गावागावांत वीज पोचली तर लोक रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघतील, मग झोपतील, आणि लोकसंख्येचा प्रश्न बराचसा सुटेल. लोक हसले. तुम्हीही हसलात. पण जरा २००९ सालचं आपलं गाव आठवा. त्या वर्षांत खेड्यांतलं लोडशेडिंग किती होतं? दिवसातले दहा-बारा तास लाईट नसायची. मंत्रिमहोदयांचा हिशोब खरा असता तर त्या अंधारात बीड जिल्ह्यात पाळण्यांना दोऱ्या पुरल्या नसत्या. झालं उलटंच. लाईट नसतानाही लेकरांची संख्या घटतच होती. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं सरासरी २.८६ मुलं होती. २००५-०६ मध्ये २.११ झाली. २०१९-२१ च्या पाहणीत १.७१. म्हणजे दोनाच्याही खाली. माझ्या आजीला अकरा बाळंतपणं झाली, त्यातली सहा जगली. तिची नात एकावर थांबली. हे काय टीव्ही बघता बघता डोळा लागला म्हणून झालं?

म्हणजे टीव्हीचा काही संबंध नाही का? आहे. पण तो झोपेतून नाही, जागेपणातून आहे. लोक टीव्ही बघत होते, आणि बघताना त्यांना दुसऱ्याचं घर दिसत होतं.

यात थोडं मागं जावं लागेल. पोरं कमी करा हे या देशाला टीव्हीनं पहिल्यांदा सांगितलं नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले, तरी १९५३ साली मरेपर्यंत तो माणूस एकट्यानं ओरडत राहिला. सरकारनं १९५२ साली कुटुंबनियोजन हाती घेतलं, असं करणारं जगातलं ते पहिलं सरकार. मग लाल त्रिकोण आला. आधी ‘दोन किंवा तीन’, मग ‘हम दो, हमारे दो’. भिंतीभिंतीवर चार चेहरे. आणि मग आणीबाणी. १९७६ साली आपल्याच विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करण्याचा कायदा मंजूर केला होता, हे आज किती जणांना माहीत आहे? राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही. पण कोटा पुरा करायला माणसं कशी उचलली, ते इथं बसलेल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना विचारा. त्यानंतर बरीच वर्षं गावात सरकारी जीप शिरली की बाप्ये ज्वारीत पळायचे.

अशा पळालेल्या माणसाला पुन्हा जवळ कसं बोलवायचं? जीप पाठवून ते होण्यासारखं नव्हतं. गोष्ट सांगूनच ते जमणार होतं.

ही युक्ती मेक्सिकोतून आली. तिथं मिगेल साबिदो नावाच्या दिग्दर्शकानं सत्तरच्या दशकात कुटुंबनियोजनावर मालिका केली. भाषण नाही, घोषणा नाही. एक बाई, तिचं घर, तिची ओढाताण. आपले वसंत साठे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माहिती व प्रसारण मंत्री होते. वर्ध्याकडचे, रंगीत टीव्हीच्या मागं हात धुऊन लागलेले. मेक्सिकोच्या दौऱ्यावरून ही कल्पना त्यांनी आणली असं सांगतात. ७ जुलै १९८४ ला ‘हमलोग’ सुरू झाली. लिहिणारे मनोहर श्याम जोशी, आणि शेवटी येऊन दोन शब्द सांगणारे अशोककुमार. त्याच वर्षी काही महिने देशात सरासरी रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. मराठवाड्याच्या घराघरांवर ॲल्युमिनियमच्या काड्या उगवायला लागल्या त्या याच दशकात. इथल्या, आपल्या अंबाजोगाईच्या मनोऱ्यानं तर केवढ्या मुलखाला चित्र पुरवलं! माळवदावर चढून एक पोरगं अँटेना फिरवायचं, खालून सगळी आळी ओरडायची, ‘आलं, आलं, थांब... गेलं, मुंग्या आल्या!’ तो वर चढलेला पोरगा मीच असायचो. त्यामुळं ‘हमलोग’ मी ऐकली जास्त, बघितली कमी.

आता गंमत बघा. मालिका काढली कशासाठी? कुटुंबनियोजनासाठी. पहिल्या काही भागांत तो उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले, आणि लिहिणाऱ्यांना तो बराचसा काढून टाकावा लागला. त्यात भागवंती नावाची आई होती. सोसणारी, तोंडातून शब्द न काढणारी. बायांनी असं सोसू नये, हे दाखवायला ती घातलेली. पुढं अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा अनेक जणांनी सांगितलं, भागवंती आम्हाला आवडली, बाई असावी तर अशी! दाखवणारा एक दाखवतो, बघणारा आपल्याला पाहिजे ते बघतो.

ब्राझीलचं उलटं झालं. तिथल्या सरकारनं लोकसंख्या कमी करायचा कार्यक्रम कधी नेटानं राबवलाच नाही. पण १९६५ साली ग्लोबो नावाची वाहिनी सुरू झाली आणि तिच्या मालिका संध्याकाळी सगळा देश बघायला लागला. त्या मालिकांतल्या नायिका कशा होत्या? बहुतेकींना मूल नव्हतं, नाहीतर एखादंच. लोकसंख्येचा विचार करून कुणी असं लिहिलं नव्हतं. कथानकात पोरं नाचवणं अवघड, खर्चाचं. एवढंच कारण असेल. (आपल्या मालिकांतली लेकरं तरी कुठं दिसतात? पाच वर्षांचं पोर एका भागात झोपायला जातं ते दहा वर्षांची उडी घेऊन वकील होऊनच उठतं.) अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं. ज्या भागात ग्लोबो आधी पोचली तिथं बायांची मुलं कमी झालेली, आणि हा परिणाम गरीब घरांत जास्त. पोरांना नावंसुद्धा मालिकांतल्या पात्रांची. कुणी काही सांगितलं नव्हतं. नुसतं दाखवलं होतं.

आपल्याकडंही असा एक गाजलेला अभ्यास झाला. जेन्सन आणि ऑस्टर या दोघांनी २००१ ते २००३ या काळात पाच ठिकाणची घरं बघितली. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि शेजारचा गोवा. गावात केबल आली की काय होतं? त्यांचं म्हणणं, बायकांना मारझोड योग्य वाटण्याचं प्रमाण कमी झालं, मुलं होण्याचं प्रमाण घटलं, आणि ‘मुलगाच हवा’ असं म्हणणंसुद्धा कमी झालं. दुसऱ्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. तरी निष्कर्ष वाचून बरं वाटतं. मलाही वाटलं. मग मी आपल्या जिल्ह्याचे आकडे समोर घेतले.

इथं जरा थांबतो, पाणी पितो. कारण पुढचं घोटानं उतरणारं नाही.

२००१ सालच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ साली? ८०७. राज्यात सगळ्यात तळाला. म्हणजे ज्या दहा वर्षांत केबल आली, घरांवर छत्र्या आल्या, अल्फा मराठी आणि ई टीव्हीच्या मालिका आपल्या बायांच्या तोंडी बसल्या, नेमकी तीच दहा वर्षं. तिकडं अभ्यास सांगतो की केबल आली की मुलगाच हवा हा हट्ट कमी होतो. इकडं बीड सांगतं, हजारामागं आणखी ८७ मुली गेल्या.

मग अभ्यास खोटा? की बीड वेगळं? की टीव्हीनंच पोरी मारल्या? यातलं काहीच मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच, की एका पडद्यानं घराला एक गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या पडद्यानं ती आपल्या पद्धतीनं पुरी केली. दुसरा पडदा कोणता? तुम्हाला माहीत आहे. अंधाऱ्या खोलीतला, काळापांढरा, मुंग्यांमुंग्यांचा. सोनोग्राफीचा.

आपल्या भाषेत ‘बघणं’ हा शब्द किती ठिकाणी राबतो! मुलगी बघायला जातात. टीव्ही बघतात. आणि तिसरं बघणं, ते आपल्याकडं कुजबुजून बोलतात. ‘तिनं बघून घेतलं.’ काय बघितलं, कुठं बघितलं, कुणी विचारत नाही. पूर्ण वाक्य झालं ते. कर्म नसलेलं वाक्य. मराठीच्या शिक्षकांनी व्याकरणात याला काय म्हणायचं ते ठरवावं, मी नुसतं ऐकलेलं सांगतो.

ही तिन्ही बघणी एकमेकींत कशी गुंतली आहेत ते जरा उकलू या.

भिंतीवरचं चित्र आठवा. चार चेहरे. आई, बाप, मुलगा, मुलगी. सरकारला सांगायचं होतं, दोन. लोकांनी वाचलं, त्यात एक मुलगा. चित्रात दोन मुलीच आहेत असं तुम्ही कधी पाहिलंत? पुढं जाहिराती आल्या. साबणाची, बिस्किटाची, विम्याची, मोटारसायकलची. त्या घरात किती लेकरं? एक किंवा दोन. तीन बहिणी आणि पाठचा भाऊ, हे आपल्या प्रत्येक आळीतलं घर जाहिरातीत कधी आलं नाही. गावातल्या बाईला ते चकचकीत घर दिसत होतं. फरशी, फ्रिज, शाळेचा टाय बांधलेलं पोर. तिनं मनात हिशोब केला, एवढ्या लेकरांना हे पुरायचं नाही. बरोबर केला. संख्या तिला पडद्यानं शिकवली.

पण ‘अष्टपुत्रा’ हा आशीर्वाद दोनावर आला म्हणून त्यातला पुत्र गेला का? आठ बाळंतपणांत एक तरी मुलगा निसर्गच देत होता. दोनच करायची म्हटल्यावर निसर्गावर सोडून चालेना. त्यात सरकारनं नियम केला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढता येणार नाही. आपला जिल्हा राजकारणात मुरलेला! सरपंचकी सोडायची की मुलगा सोडायचा? दोन्ही नको. मग ‘बघून घेतलं’.

उत्तर बरोबर आलं. कुटुंब लहान झालं. रीत? सरांनी काय केलं असतं, ते मी सांगायला नको.

आणि मुलगाच हवा, हे केवळ आजच्या मालिकांचं पाप नाही. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी गाव सामसूम. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे. त्यात काय बघितलं आपण? राजाला मुलगा नाही म्हणून यज्ञ. पुढं १९८८ पासून ‘महाभारत’. तुरुंगात कृष्ण जन्मला, आमच्या आळीत बायांनी टीव्हीसमोर हळदीकुंकू वाहिलं. मुलगा यमुनेपलीकडं सुखरूप गेला. त्याच्या जागी कोण आलं? एक मुलगी. तिचं काय झालं? कंसानं शिळेवर आपटायला उचलली. ती हातातून निसटून देवी झाली, हे खरं, आणि योगेश्वरीच्या गावात देवीचं माहात्म्य मी सांगावं असं नाही. पण मी तेव्हा लहान होतो, आणि मला एकच प्रश्न पडला होता. तिच्या आईला कुणी विचारलं का? आजीला विचारलं तर ती म्हणाली, ‘गप बस, देवाचं चाललंय.’

आता पहिलं बघणं. मुलगी बघणं, म्हणजे लग्न. टीव्हीनं आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठा बदल कुठं केला असं मला विचाराल, तर मी म्हणेन लग्नात. आपल्याकडं मेहंदीचा वेगळा कार्यक्रम कधी होता? संगीत कुणाला माहीत होतं? हळद लावायची, देवक बसवायचं, मांडवात बुंदी वाढायची, संपलं. मालिकांमधलं लग्न महिना महिना चालतं. ते आता केजच्या आणि गेवराईच्या मंगल कार्यालयांत आलं आहे. तोच शालू, तोच फेटा, वर ड्रोन. खर्च कुणाचा? मुलीच्या बापाचा. मास्तर नवरा असेल तर हुंड्याचा आकडा वेगळा, पोलिसात असेल तर वेगळा. कोरडवाहू चार एकरांत हे कुठून आणायचं? पडद्यानं एकीकडं मुलीला नायिका केली आणि दुसरीकडं तिला महाग करून ठेवलं. मालिकेत ती वकील, डॉक्टर, जहागिरदारीण. आणि घरात बाप तिच्या जन्माआधीच तिच्या लग्नाचा अंदाज काढतो आहे.

म्हणून केबलच्या त्या अभ्यासातल्या बाया खोटं बोलल्या असं मला वाटत नाही. मुलगी चालेल का विचारलं तर बाई खरंच म्हणते, चालेल की! तिनं चांगली नायिका बघितलेली आहे. पण ठरवते ती एकटी कुठं? सासू आहे, दीर आहे, वाटणीची जमीन आहे.

हे सगळं मी टीव्ही असलेल्या घराबद्दल बोललो. आता ज्यांच्याकडं तो सहा महिने नसतोच त्यांच्याकडं येऊ. तुम्ही म्हणाल, विषय सोडला. नाही, विषयाच्या मुळाशीच चाललो आहे.

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या डंपिंगमध्ये. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम पूर्ण उचल देत नाही, म्हणून आधी जोडी जुळवायची, म्हणजे लग्न. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या जिल्ह्यात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४३.७ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या. राज्याची सरासरी २१.९. निम्मी! मग पाचटाच्या कोपीत संसार. पहाटे चारला फडात, रात्री गाडी भरायला पुन्हा. खाडा झाला की दंड. पाळी आली तरी खाडा, पोटात दुखलं तरी खाडा.

त्या बाईचा लेकरांचा निर्णय कोण घेतं? ब्राझीलची कुठली मालिका तिच्यापर्यंत पोचते? तिची दोन-तीन लेकरं लवकर होतात, पंचविशीत ती मोकळी होते, आणि मग पोटाच्या दुखण्याला डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ साली हा विषय विधान परिषदेत गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची तपासणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा बायकांमागं एक. तिशीतल्या, पस्तिशीतल्या. त्यांना कुणी मालिका दाखवली नव्हती, कुणी त्रिकोण दाखवला नव्हता. त्यांना उचलीचा आकडा दाखवला होता. तेव्हा टीव्हीनं कुटुंबं घडवली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एकदा फडात यावं. टीव्हीचा शब्द त्या घरात चालतो जिथं संध्याकाळी बसायला वेळ आहे. जिथं तो वेळ नाही तिथं मुकादमाचा चालतो.

आता शेवटचा भाग, आणि यात टीव्हीची बाजू घ्यायची आहे. एवढा वेळ त्याला झोडपलं, थोडं माप त्याच्याही पदरात घालू.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये कडक झाला. त्याआधी १९८३ पासून ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ गावोगाव होत होतं. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांचं ‘लेक लाडकी अभियान’ गरोदर बायांना बरोबर घेऊन लिंगनिदान करणाऱ्या दवाखान्यांत सापळे लावत होतं. कायदा होता, नाटक होतं, कार्यकर्ते होते. आणि तरी २०११ साली आपला आकडा ८०७ होता. आपल्याच जिल्ह्यातल्या परळीत काय चालतं, हे परळीला माहीत नव्हतं? चार जिल्ह्यांना माहीत होतं. बाहेरच्या गाड्या कुठं थांबतात ते रिक्षावाला सांगायचा.

मग मे २०१२ आला. ६ तारखेला, रविवारी सकाळी, ‘सत्यमेव जयते’चा पहिला भाग. विषय मुलींची भ्रूणहत्या. दूरदर्शनवर आणि खासगी वाहिन्यांवर एकाच वेळी, ‘रामायणा’च्याच वारी. आणि दोन आठवडे व्हायच्या आत परळीत एका बाईचा गर्भपात करताना मृत्यू झाला. तिला आधी मुलीच होत्या. डॉक्टर दांपत्य फरार झालं. मराठी बातम्यांच्या वाहिन्यांच्या गाड्या परळीत येऊन उभ्या राहिल्या. रोज परळी, रोज बीड. मशिनी सील झाल्या, नोंदवह्या तपासल्या, डॉक्टर पुढं शरण आले आणि २०१९ साली बीडच्या न्यायालयानं त्यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. जन्मनोंदींमधलं मुलींचं प्रमाणही त्यानंतर सुधारत गेलं.

हे टीव्हीनं केलं? कायदा आधीच होता, लढणारी माणसं आधीपासून होती. टीव्हीनं एकच केलं. जे सगळे कुजबुजत होते ते त्यानं मोठ्या आवाजात म्हटलं. आणि आपल्याला लाज वाटली. मुंबईला गेलेल्या पोराला कुणी विचारलं, कुठला रे तू? बीडचा? अच्छा, ते परळीवालं बीड! ती लाज फार दिवस टिकली नाही, हे मला माहीत आहे. पण काही दिवस टिकली, आणि तेवढ्या दिवसांत काही पोरी जन्माला आल्या. त्या आता मोठ्या झाल्या असतील. इथं बसलेल्याही असतील एखादी-दुसरी.

माझी वेळ संपत आली, चिठ्ठी आलीय. एक प्रसंग सांगतो आणि बसतो.

केज तालुक्यात माझ्या बहिणीचं सासर. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका जोरात होती तेव्हाची गोष्ट. तुम्हाला आठवतंय ना, त्यातल्या जान्हवीचं ते गरोदरपण? किती महिने चाललं! लोकांनी विनोद केले, हत्तीण सुद्धा एवढा वेळ घेत नाही म्हणून. संध्याकाळची वेळ. बहिणीच्या घरात आळीतल्या दहा-बारा बाया. दारात शेळ्या, आत जान्हवी. सगळ्यांना तिची काळजी. तिनं काय खावं, कसं झोपावं, सासवांचं ऐकावं का. एकीनं तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांचं साहित्य सुद्धा सांगून टाकलं. कोपऱ्यात माझ्या बहिणीची चुलतसासू बसली होती. पंच्याहत्तरीची. सात लेकरांची आई. जन्मभरात तिनं दवाखाना पाहिला तो दुसऱ्यांना पोचवायला. ती बराच वेळ पडद्याकडं बघत होती. मग जाहिरात लागली, तशी ती मान वळवून अगदी मायेनं म्हणाली,

‘इतके महिने झालेत माय, बघून घेतलं का न्हाई तिचं?’

कुणी काही बोललं नाही. बहिणीची पोरगी तेव्हा नववीत होती. तिनं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.